बाळंतिणीच्या कांड्या

सेमाडोहहून परतवाड्याकडे उतरणाऱ्या एसटीत त्या दिवशी बसायला जागा होती, सामान ठेवायलाही होती. तरी जयवंतानं मांडीवरचं टोपलं काही खाली ठेवलं नाही. टोपल्यावर जुनं सुती लुगडं बांधलेलं. घाटाच्या प्रत्येक वळणावर ती त्याच्यावर दोन्ही हात ठेवायची, ऊन आलं की पदराची सावली करायची, आणि खिडकीची काच कोणाला लावू द्यायची नाही.

"काय हाय वो बाई त्याच्यात?" कंडक्टरनं विचारलं. "ठेवा न खाली. कोन नेते तुमचं टोपलं?"

"खाली नाई ठेवता येत, दादा. बाळंतीण हाय."

"एवढ्याशा टोपल्यात बाळंतीण?"

"एक नाई, हजारानं हायत."

मागच्या सीटवरून कोणीतरी ओरडलं, "मंग कंडक्टरसाहेब, फाडा हजार तिकिटं!" सगळी गाडी हसली. जयवंताही हसली, पण हात टोपल्यावरून हलले नाहीत.

टोपल्यात कुसुमाच्या झाडाच्या वीतभर लांब कांड्या होत्या. सेमाडोहच्या बाजूच्या एका शेतकऱ्याच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, कुसुमाची झाडं आहेत, तिथून तिनं त्या निवडून आणल्या होत्या. प्रत्येक कांडीवर तपकिरी-लालसर, खडबडीत कवच चढलेलं. तीच लाख, आणि त्या कवचाच्या आत लाखेच्या किड्याच्या माद्या, पिल्लं बाहेर सोडण्याच्या बेतात. पिल्लं म्हणजे खसखशीहून बारीक, लाल, चालते ठिपके. कांडी दुसऱ्या झाडाच्या फांदीला बांधली की ती बाहेर पडतात, वर चालत जातात, कोवळी डहाळी पाहून तिच्यात सोंड रुतवतात आणि तिथंच बसतात. झाडाचा रस पितात, अंगाभोवती लाख करतात. आषाढात बांधलेल्या कांड्यांची लाख माघात उतरवायची.

पण कांड्या वेळेवर बांधल्या तर. उशीर झाला तर पिल्लं टोपल्यातच निघतात आणि झाड न भेटता मरतात. म्हणून बार्शीटाकळीची बाई आषाढातल्या उकाड्यात सेमाडोहपर्यंत जाऊन त्याच पावली परत निघाली होती.

वाटेत एकच थांबा तिला चुकवता येत नव्हता. अचलपूरला बिस्मिल्लाबींचं घर.

*

बाळंतीण हा शब्द जयवंतानं कंडक्टरला हसवायला वापरला नव्हता.

जयवंताची आई तिला जन्म दिल्यावर दोन आठवडे होत नाहीत तोच कापूस वेचायला गेली होती. बोंडं फुटून पांढरं झालेलं वावर, घरात बोटांवर मोजण्याइतकी माणसं, आणि बाई घरात झोपून राहणार म्हणजे काय, असं सगळ्यांचंच म्हणणं. वावरातच तिला ताप भरला. ती पुन्हा उठली नाही. जयवंताला हे आत्यानं सांगितलं, तीही कळती झाल्यावर.

पुढं लग्न झालं. नवरा उत्तमराव तेव्हा अचलपूरला जिनिंगवर कामाला होता. भाड्याची एक खोली आणि शेजारी बिस्मिल्लाबी. त्या लाखेच्या बांगड्या करायच्या. शेगडीवर लाख मऊ करून, लाकडी दांड्यावर ओढून, वळून, आरशाचे तुकडे बसवून. जयवंताला पोरगी झाली, खुशी, तेव्हा माहेर म्हणावं असं कोणी उरलं नव्हतं आणि सासू अंथरुणाला खिळलेली. तिसऱ्या दिवशी जयवंता चुलीपुढं बसलेली बिस्मिल्लाबींना दिसली.

"ऊठ," त्या म्हणाल्या. "अगं ऊठ तिथून! सव्वा महिना जर का तुनं चुलीले हात लावला, तर तो हात या शेगडीत घालून त्याच्या बांगड्या करीन."

आणि खरोखरच त्यांनी तिला उठू दिलं नाही. जयवंता माळकरी घरची, म्हणून तिच्यासाठी त्यांनी बाजारातून नवा गंज, म्हणजे पातेलं, आणलं. त्या गंजात दुसरं काही कधी शिजलं नाही. गल्लीतल्या एका माळिणीला विचारून डिंकाचे लाडू केले, आणि आपल्याकडची अछवानी, ओव्याचा गरम काढा, तीही दोन्ही वेळा पाजली. पोरीला पायांवर घेऊन न्हाऊ घातलं. सव्वा महिना पुरा झाला तेव्हा जयवंतानं पायांवर डोकं ठेवलं, तर म्हणाल्या, "पाय कायले धरते? माणसानं माणसाचं नाई करावं तर काय म्हशीनं करावं?"

तेव्हापासून जयवंता त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणते, आणि सव्वा महिना हा शब्द तिच्या तोंडून देवाच्या नावासारखा निघतो. त्या सव्वा महिन्यानं तिला दिलं ते तिच्या आईला मिळालं असतं, तर आई असती.

पुढं उत्तमरावच्या वाट्याला गावचं वावर आलं आणि ते बार्शीटाकळीकडे परतले. पण येणं-जाणं तुटलं नाही. खालांकडे गेलं की एकच रडगाणं ऐकू यायचं. बाजारात आता चांगली लाख मिळत नाही. राळ मिसळतात, काय काय मिसळतात, बांगडी थंडीत तडकते. त्यांची नात कहकशाँ तेव्हा बारावीत होती. खाला म्हणायच्या, "माह्या हाताचा शेवटचा चुडा हिच्यासाठी. पन असल्या लाखेचा करू? हिच्या हातात तडकला तर सासरी मलेच शिव्या भेटतीन."

त्याच दिवसांत बचतगटाच्या बायांबरोबर जयवंता मेळघाटात सहलीला गेली होती आणि तिथं कुसुमाच्या फांद्या लाखेनं जाडजूड झालेल्या पाहून आली होती. तिथंच कोणी म्हणालं की बोरीवरही ही लाख चांगली येते. आणि बोरी तर तिच्या धुऱ्यावर रांगेनं उभ्या. ती घरी न जाता तडक अचलपूरला उतरली आणि बोलून बसली, "खाला, कहकशाँच्या चुड्याची लाख माह्या झाडाची."

बोलणं सोपं होतं. दोन वर्षं लाख आलीच नाही. आता कहकशाँचा निकाह ठरला होता, ईदनंतरचा. रोजे धरून शेगडीजवळ बसवत नाही, म्हणजे चुडा रमजानच्या आधीच व्हायला हवा. चुड्यासाठी हे पीक शेवटचं होतं.

*

त्या दिवशी खालांनी टोपलं उघडून पाहिलं. डोळ्यांजवळ कांडी धरली, मग नाकाशी धरली.

"आता डोळ्यांपेक्षा नाकाचा भरोसा जास्त हाय," त्या म्हणाल्या. हातही जरासा थरथरत होता. "माल चांगला हाय पोरी. पन मागच्या सालीबी चांगलाच होता न?"

"औंदा झाडं तयार केली खाला. जमीनबी."

"दादी, राहू द्या ना," कहकशाँ चहाचे कप ठेवत म्हणाली. ती आता अमरावतीला कॉलेज संपवून आली होती. "मावशी, तुम्ही एवढा त्रास नका घेऊ. मी मेटलच्या घालते बांगड्या. आजकाल सगळ्याच घालतात."

"ऐकलं?" खाला जयवंताला म्हणाल्या. "मेटलच्या! दादी मेल्यावर घाल. आता चूप बस आणि मावशीले पोहे आण."

जयवंता पोहे खाऊन निघाली. निरोप घेताना खालांनी टोपल्यावरचं लुगडं पुन्हा स्वतः बांधून दिलं, बाळाचं दुपटं बांधावं तसं, सैल आणि नीट.

*

पहिल्या वर्षी जयवंतानं बोरींना हात न लावता कांड्या बांधल्या होत्या. जुनाट, राठ फांद्या. पिल्लं वर गेली, पण सोंड रुतावी अशी कोवळी डहाळीच नव्हती. दुसऱ्या वर्षी तिनं झाडं छाटली, पण भुकेल्या झाडानं फुटवा दिला तो काडीसारखा बारीक. जी थोडी लाख धरली ती कवचासारखी दिसली, पण बोटानं दाबली तर आतून भुसा.

तेव्हा तालुक्याच्या कृषी सहायक म्हणून आलेल्या वर्षालीताईंना तिनं वावरात नेलं. वर्षाली तरुण, स्कूटीवर फिरणारी, उन्हापासून चेहऱ्याला ओढणी बांधलेली. तिनं झाडाकडे पाहण्याआधी बुडातली माती कुदळीनं उकरली. "काकू, खाली मुरूमच आहे की. आणि ह्या तुटलेल्या मुळ्या?"

"दरसाली वखर लागते न बाई धुऱ्याले."

"मग झाडानं काय खायचं? आपण खायचं नाही नि वरून किड्याला पाजायचं? हा किडा म्हणजे झाडाच्या अंगावर पिणारं लेकरू आहे. झाड सशक्त, तर लेकरू सशक्त."

हे जयवंताला लगेच पटलं. अंगावर पाजणारीला काय लागतं हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. तिला इतकं पटलं की दुसऱ्या दिवशी ती घागरीनं बोरीच्या खोडावर पाणी ओतत बसली, न्हाऊ घातल्यासारखी. वर्षालीला हसू आवरेना. "काकू, तोंड तिथं नाहीये तिचं! फांद्यांची सावली जिथं संपते ना, तिथं खाणारी मुळं असतात. जेवण तिथं वाढा."

मग माघात झाडांची छाटणी झाली. धारदार कोयत्यानं, साल न सोलता. चैत्रात प्रत्येक बोरीभोवती, सावलीच्या कडेनं गोल चर खणला. त्यात कुजलेलं शेणखत, निंबोळीची ढेप, वरून सोयाबीनच्या कुटाराचा, म्हणजे मळणीतल्या भुशाचा, जाड थर, म्हणजे ओल टिकेल. उताराच्या बाजूनं अर्धचंद्रासारखी मातीची वरंबी घातली, की पावसाचं पाणी पळून न जाता झाडापाशी थांबेल. उत्तमराव ट्रॅक्टरवाल्याला घेऊन आला तेव्हा ती वखरापुढं आडवी उभी राहिली. "मुळ्यायपासून दूर!"

सगळ्यात अवघड गोष्ट कपाशीची होती. धुऱ्यालगतच कपाशी, आणि कपाशी म्हटली की फवारणी. वाऱ्यानं औषध बोरीवर गेलं तर लाखेचा किडाही जाणार. उत्तमरावनं दोन दिवस तोंड फुगवलं. तिसऱ्या दिवशी पेरणीला उभा राहिला आणि धुऱ्याकडच्या ओळींमध्ये कपाशीऐवजी तूर टोबली. "तुरीच्या आडोशानं औषध तिकडं कमी जाईन," एवढंच म्हणाला. "आनि तिकडं वारा वाहत असला तर मी फवारनार नाई. मलेबी चुडा पाहाचा हाय. खालानं डिंकाचे लाडू तुलेच नाई देल्ले, मीबी चोरून खाल्ले होते."

तर असं सगळं करून आषाढात ती टोपलं घेऊन आली. बोरींवर हिरव्या, लुसलुशीत, पेन्सिलीएवढ्या डहाळ्या आल्या होत्या. प्रत्येक फांदीच्या बुडाशी तिनं सुतळीनं कांडी बांधली, फांदीला समांतर, दोन्ही टोकं टेकलेली. दुसऱ्याच सकाळी डहाळ्यांवर लाल धूळ बसल्यासारखी पिल्लं चढलेली दिसली. जयवंतानं हात जोडले. कोणाला, तिलाही सांगता आलं नसतं.

*

तीन आठवड्यांनी वर्षाली आली. पिल्लं दाट बसली होती. ती खूश झाली, आणि मग म्हणाली, "काकू, आता ह्या जुन्या कांड्या काढून घ्या. आजच."

"नाई."

"काय नाही?"

"सव्वा महिना झाल्याशिवाय नाई काढत मी."

वर्षालीला वाटलं काकू थट्टा करतायत. मग चेहरा पाहिला. "मागच्या वर्षीसुद्धा ठेवल्या होत्या?"

"दोन्ही साली. सव्वा महिन्यानंच उतरवल्या, लुगड्यात घेऊन. बाळंतिणीले कोनी तीन आठवड्यांत घराबाहेर काढते का?"

वर्षाली फांदीपाशी गेली. तिनं एक जुनी कांडी फोडली. आत पांढरट जाळ्यात एक अळी वळवळली. "हे बघा. पतंगाची अळी. ही किड्यांना खाते. तिचे पतंग ह्या जुन्या कांड्यांतनंच निघतात आणि नव्या लाखेवर अंडी घालतात. म्हणून मागच्या वर्षी आत भुसा होता. झाड तुम्ही सोन्यासारखं केलंय काकू, पण ह्या कांड्या राहिल्या तर—"

जयवंताला अळी दिसत होती. वर्षाली खोटं बोलत नाही हेही माहीत होतं. पण हात वर जाईना. तिच्या आईला कोणीतरी असंच शहाणपणानं सांगितलं असेल, कापूस वाया जाईल, ऊठ. "ताई, तुमी म्हनता ते खरं असन," ती म्हणाली. "मले नाई होत. बाकी काही सांगा."

वर्षाली रागावली नाही. उत्तमराव तुरीत उभा होता, त्याच्याकडे पाहत ती एवढंच म्हणाली, "चार-पाच दिवस आहेत हातात. त्यापेक्षा जास्त नाहीत."

उत्तमराव जयवंतापासून जरा दूर गेला. त्यानं अचलपूरला फोन लावला. "खाला, ते तुमच्या सव्वा महिन्यानं घोटाळा करून ठेवला. आता तुमीच या आणि निस्तरा."

*

दोन दिवसांनी दुपारी बिस्मिल्लाबी कहकशाँचा हात धरून धुऱ्यावर हजर. जयवंता धावतच गेली. "अवं माय! खाला, कळवलं नाई काही? एवढ्या दूर?"

"नातीच्या चुड्याचं झाड पाहाले आली. काऊन, मनाई हाय?"

त्यांनी झाडाला हात लावला. कुटाराखाली बोटं घालून मातीची ओल पाहिली. "गार हाय," म्हणाल्या. "बाळंतिणीची खोली असावी तशी." मग कहकशाँला म्हणाल्या, "ती कांडी दे तोडून."

"खाला, ते—"

"दे गं."

कहकशाँनं जुनी कांडी सोडवून दिली. खालांनी ती डोळ्यांजवळ नेली, मग नखानं कवच उचकटलं. आत रिकामी, वाळकी खोळ होती. तीच त्यांनी जयवंताच्या तळहातावर ठेवली.

"इथं बाळंतीण कुठं हाय, पोरी?"

जयवंतानं खोळ बोटानं उलटून पाहिली.

"लेकरं बाहेर काढली आणि गेली ती. अल्लाले प्यारी झाली. मयत घरात ठेवते का कोनी सव्वा महिना?" त्यांचा आवाज खाली आला. "मी तुले उठू देल्लं नाई, कारण तू जिवंत होती. तुले जिवंत ठेवाचं होतं. आनि तुह्या खाटेखालचं मी रोज झाडत नव्हती? तुह्या वाकळा रोज उन्हात टाकत नव्हती? बाळंतिणीले बसवून ठेवा म्हन्ते, घाणीत ठेवा नाई म्हन्ते. आता तिचं काम लेकरं जगवाचं. ते तू कर."

तळहातावरची खोळ वाऱ्यानं हलली, एवढी हलकी होती. जयवंता खाली बसली. ती आपल्या आईसाठी रडली, जिचा चेहराही तिला ठाऊक नव्हता, आणि त्या दुपारपर्यंत जिच्यासाठी असं बसून रडायला तिला कधी फुरसतच मिळाली नव्हती. खाला बाजूला बसून राहिल्या. कहकशाँनं गुपचूप पाण्याची बाटली पुढं केली.

मग जयवंतानं डोळे पुसले, घरातून ते जुनं लुगडं मागवलं आणि टोपल्यात अंथरलं. एकेक कांडी तिनं स्वतः सोडली. फेकली नाही, वरून टाकली नाही. खाली उभ्या असलेल्या खालांच्या ओंजळीत दिली, आणि खालांनी टोपल्यात ठेवली. रांग संपेपर्यंत ऊन उतरलं होतं.

"आता हे नदीत सोडू?" जयवंतानं विचारलं.

"नदीत? येडी का काय!" खाला म्हणाल्या. "अजून लाख हाय की हिच्यावर. मी नेते. आजच खरवडते. अळ्या पाण्यात जातीन आनि लाख माह्या डब्यात. ह्यायच्या आईचा वाटा अलग ठेवते मी."

उत्तमराव तुरीच्या पलीकडून ओरडला, "खाला, झालं का निस्तरून?"

"तुमी चुगलीखोर हा जवाईबापू!" खाला ओरडल्या. "लाडूचोर तर होतेच!"

*

श्रावण गेला, भादवा गेला. डहाळ्यांवर आधी साखरेसारखा पांढरा थर, मग गुलाबी, मग तपकिरी. थंडी पडली तेव्हा कवचं एकमेकांना जुळून फांद्या मनगटाएवढ्या दिसू लागल्या. काही फांद्यांवर मध्येमध्ये भुसा होता, तो होताच. एक बोर तर बांधाच्या टोकाला पाणी न मिळून तशीच खुरटी राहिली. पण माघात पहिली फांदी उतरवून जयवंतानं अंगठ्यानं कवच दाबलं तेव्हा ते दबलं नाही. अंगठाच दुखला. तिनं तो अंगठा तोंडात घातला आणि तशीच हसत उभी राहिली.

"काय झालं?" उत्तमराव धावत आला.

"काही नाई. भरली हाय."

बियाण्यासाठी तिनं एका झाडावरच्या फांद्या तशाच ठेवल्या. बाकीची लाख अंगणात सुपात खरवडून घेतली, पोत्यात भरली आणि अचलपूरला निघाली.

खालांनी लाख कांडली, धुतली. पाणी रक्तासारखं लाल झालं. सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरली, शेगडीच्या आचेवर धरून पीळ देत गाळली. मधासारखी तार सुटली. त्यांच्या हाताची थरथर त्या वेळी कुठं गेली कोण जाणे. लाख दांड्यावर ओढली जाऊ लागली तशी त्यांची बोटं आपोआप चालायला लागली. कहकशाँ समोर बसून आरशाचे तुकडे एकेक करून देत होती. हिरवा, मग मेंदीचा रंग, मग पुन्हा हिरवा. रमजानचा चंद्र दिसायच्या आत चुडा झाला.

त्यात दोन बांगड्या वेगळ्या होत्या. त्यांना रंग नव्हता, आरसे नव्हते. नुसत्या लाखेच्या, उजेडात धरल्या की आरपार दिसाव्यात अशा. आषाढातल्या जुन्या कांड्यांच्या लाखेच्या.

"एक हिच्या चुड्यात," खाला म्हणाल्या आणि ती कहकशाँच्या हातात सगळ्यांच्या पुढं चढवली. दुसरी त्यांनी शेगडीवर जराशी ऊब देऊन मऊ केली आणि जयवंताचा हात ओढला.

"खाला, मी कायले? चुडा पोरीचा—"

"हात दे. चुलीले हात लावू देत नव्हती मी, आठवते? त्याच हातात घालून राहिली."

बांगडी कोमट होती. मनगटावर बसली तशी थंड होत घट्ट झाली. कहकशाँ स्वतःचा हात कानाशी हलवून पाहत होती. लाखेची बांगडी वाजत नाही, तरी हलवत होती. मग एकदम म्हणाली, "मेटलच्या नकोच मावशी," आणि तिनं जयवंताच्या गळ्यात हात टाकले.

जयवंतानं पदर सारखा केला. परत जायची गाडी तासाभरात होती. झाडांना खत टाकायचं होतं, छाटणी व्हायची होती, आणि पुढच्या आषाढासाठी बियाण्याच्या कांड्यांना बारीक जाळीच्या पिशव्या शिवायच्या होत्या, म्हणजे पिल्लं बाहेर पडतील आणि पतंग आतच राहतील. वर्षालीनं नमुना दिला होता. जयवंता त्या पिशव्यांना झबली म्हणायची. "येते खाला. गाडी हुकन."

"बस खाली."

"खाला, वावरात—"

"वावर कुठं नाई जात. जाशीन पुढच्या गाडीनं." बिस्मिल्लाबींनी तिला खांद्याला धरून खाटेवर बसवलं, आत गेल्या आणि जुना गंज घेऊन आल्या, बावीस वर्षांपूर्वीचा, अजून दुसरं काही न शिजलेला. त्यात शिरा होता. "सव्वा महिना नाई बसवत तुले. सव्वा तास तरी बस."

जयवंता बसली.